सेंद्रिय खताचा उपदेश फुकट, मजुरी कोण देणार?



आपल्यापैकी अनेकांचा एक पाय रेल्वेच्या यार्डात किंवा टपालाच्या सॉर्टिंगमध्ये असतो, तर दुसरा गावाकडच्या दोन-चार एकरांत. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे. ‘शेतकरी आळशी झाला, युरियाच्या नादी लागला आणि त्याने काळी आई नासवली,’ असे परिसंवादांतून सांगणारे विद्वान आज उदंड झाले आहेत. जमिनीचा कस गेला, हे खरे. पण त्याचे खापर शेतकऱ्याच्या माथी फोडणे ही शुद्ध लबाडी आहे.

हिशेबच पाहा. युरियात ४६ टक्के नत्र असते; म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे २० किलो. शेणखतात ते जेमतेम अर्धा टक्का. तेवढ्याच नत्रासाठी चार टन शेणखत लागते! गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते आणि सायकलवरून घरी येते. चार टन खत कुजवायचे, उपसायचे, वाहायचे, पांगवायचे, हे काम कोणाच्या पाठीवर? बहुतेक घरांत बायकांच्या. त्याची मजुरी कोणत्याच वहीत लिहिली जात नाही.

शेणखत म्हणजे केवळ नत्र नव्हे. त्यातून जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, माती भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते, जिवाणू जगतात. हे युरियाने होत नाही. पण हा लाभ वर्षानुवर्षे हळूहळू मिळतो. मजुरी मात्र आजच द्यावी लागते.

सरकारने काय केले? ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाश खतांवरील नियंत्रण उठवले. २०१० मध्ये पोषकद्रव्यांवर आधारित अनुदान आणले. दोन्ही वेळा युरिया वेगळा ठेवला. जे स्वस्त तेच शेतात पडले आणि ४:२:१ हे प्रमाण कोलमडले. २०२२-२३ मध्ये खत अनुदानावर सुमारे अडीच लाख कोटी रुपये खर्च झाले. २०२३ मध्ये गोबरधन प्रकल्पांच्या सेंद्रिय खताला टनामागे १,५०० रुपयांचे साहाय्य मंजूर झाले. परंपरागत कृषी विकास योजनेत गटात आलेल्यांना काही वर्षे मदत मिळते. पण गटाबाहेरच्या शेतकऱ्याने स्वतःच्या उकिरड्यावर घाम गाळून केलेल्या खताला टनामागे काय? भोपळा!

ज्ञान कमी पडले, असे म्हणावे तर तेही खोटे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ढीग तीनदा उलथून, तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. त्यावरील १९३१ च्या ग्रंथाचे सहलेखक होते यशवंत वाड. त्याच इंदूरच्या संस्थेत मजुरांना वेळेवर पगार, मर्यादित तास, घरे आणि औषधपाणी मिळावे, यावर हॉवर्डांचा कटाक्ष होता. आजचे उपदेशक नेमके हेच पान उलटून पुढे जातात! पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या ‘नाडेप’ टाक्यात सुमारे १०० किलो शेणात दीड टन काडीकचरा कुजतो. शेण वाचते, पण भरणे, लिंपणे, पाणी शिंपडणे, ही मेहनत चुकत नाही.

फर्मान काढूनही हे साधत नाही. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. पिके बुडू लागली आणि त्याच वर्षी माघार घ्यावी लागली.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे :

१. शेतावर तयार होणाऱ्या खताला टनामागे थेट अनुदान द्या.
२. खतनिर्मितीची मजुरी रोजगार हमीच्या कामात पुरती मोजा आणि वेळेवर द्या.
३. शहरी कचऱ्याचे खत करणाऱ्या सफाई कामगारांना कायम करा.
४. हे सर्व उभे राहीपर्यंत रासायनिक खतांच्या अनुदानाला हात लावू नका.

मातीचे आरोग्य कष्टकऱ्याच्या घामावर उभे आहे. त्या घामाचे दाम आधी चुकते करा, मग उपदेश करा!