शेक अर्धवट राहतो तेव्हा

कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार देतात, त्याला आपल्याकडे 'शेक' म्हणतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात शेक बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असा सहा-सात आठवडे चालतो. पुष्कळ रुग्ण निम्म्यावरच घरी परततात. 'पळून आला' असे लोक म्हणतात. मला हा शब्द मुळीच पटत नाही.

पेण-रोह्याहून रोज परळला टाटा रुग्णालयात, किंवा त्यांच्याच खारघरच्या केंद्रात जाऊन येणे सोपे नाही. शेक दहा-पंधरा मिनिटांचा, दिवस सगळा प्रवासाचा. सोबत धडधाकट माणूस हवा, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. समजा, रुग्ण पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करतो आणि शेक आषाढात सुरू झाला. वर्षाची कमाई याच दिवसांत! रोह्याकडे तेव्हाच भाताची लावणी. त्यातच तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंड सोलवटते, घास गिळवत नाही. घरच्यांना वाटते, शेकाने दुखणे वाढवले. कुणाची गाठ उलट लवकर बसते, त्याला वाटते आपण बरे झालो. दोघेही घर गाठतात.

'राहिलेले गणपतीनंतर घेऊ' हा हिशेब मात्र चुकीचा आहे. शेक थांबला की उरलेल्या कर्कपेशी झपाट्याने वाढू लागतात. तोंड-घशाच्या कर्करोगात उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने घटते. तोंडाची जखम उपचार संपल्यावर काही आठवड्यांत भरते. तोवर औषधे, गुळण्या आणि गरज पडल्यास नाकातून नळीने अन्न, असे उपाय आहेत. परतीची गाडी धरण्याआधी डॉक्टरांना एकदा सांगा तरी!

मात्र सगळा भार रुग्णावर टाकून चालणार नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सात आठवड्यांचा आणि तिसऱ्या आठवड्यातल्या त्रासाचा अंदाज द्यावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शेक बसतो, रेल्वेत रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत आहे, दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत अशा रुग्णांची सोय होते. रुग्णालयाच्या समाजसेवकाकडे चौकशी करावी. एवढे करूनही बुडालेल्या मजुरीचा प्रश्न राहतोच. तिथे कारखानदाराने पुढच्या हंगामाची उचल आधी द्यावी. लावणीला आपण एकमेकांकडे जातोच; तसे रुग्णाच्या शेतावर दोन दिवस जावे, आणि त्याच्यासोबत परळला जायला वाडीतल्या तरुणांनी पाळ्या लावून घ्याव्यात.