नऊपैकी नऊ, आणि तरीही बोलावणं नाही

गेल्या शुक्रवारी ऑफिसात सक्तीचं ट्रेनिंग होतं. विषय 'टीम स्पिरिट'. जेवणानंतरची वेळ, एसी फुल्ल, निम्मी जनता टेबलाखाली मोबाईल बघत होती (मीही). तेवढ्यात एका स्लाईडवर जुना कृष्णधवल फोटो आला आणि शिकवणाऱ्या बाईंनी दीड मिनिटात एक गोष्ट सांगितली. १९५१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका छोट्या कॅथलिक विद्यापीठाची फुटबॉल टीम सगळे सामने जिंकली. मोठ्या सामन्याला बोलावणं मिळणार होतं, पण टीममधले दोन कृष्णवर्णीय खेळाडू घरी ठेवून या, अशी अट होती. टीम म्हणाली, मग आम्हीही येत नाही. टाळ्या. पुढची स्लाईड.

टाळ्या मीही वाजवल्या. घरी आल्यावर मात्र ती गोष्ट डोक्यातून जाईना. शनिवारची अख्खी दुपार त्याच्यामागे घालवली, आणि आता डोकं तापलंय. कारण त्या दीड मिनिटात टीमचं कौतुक होतं, पण ती अट घालणारे कोण, हे कुठेच नव्हतं. आणि त्या नकाराची किंमत कोणी मोजली, हेही नव्हतं.

तर आधी गोष्ट नीट सांगतो.

युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को ही जेझुइटांची संस्था, १८५५ सालची. आपल्या मुंबईचं सेंट झेवियर्स ज्या मंडळींचं, त्याच मंडळींची. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल, अंड्यासारखा चेंडू हातात धरून पळायचा तो. टीमचं नाव 'डॉन्स', कोच जो कुहारिक. १९५१ साली ही पोरं ९ सामने खेळली आणि ९ जिंकली. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमला ३२-२६ हरवलं. त्या सामन्यात ऑली मॅटसन नावाच्या पोराने दोनदा किकऑफचा चेंडू झेलला आणि दोन्ही वेळा थेट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. त्या मोसमात मॅटसन १,५६६ यार्ड पळाला. देशात पहिला नंबर. बचावाच्या फळीत बर्ल टोलर. हे दोघे कृष्णवर्णीय. बाकीचेही काही लिंबूटिंबू नव्हते. जिनो मार्चेटी दुसऱ्या महायुद्धात बल्जच्या लढाईत लढून आलेला. मार्चेटी, मॅटसन आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. कॉलेजच्या एकाच टीममधून तिघे!

आता 'बाउल' म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. त्या काळी कॉलेज फुटबॉलमध्ये सेमीफायनल-फायनल असा प्रकार नव्हता. मोसम संपला की नववर्षाच्या सुमारास वेगवेगळ्या शहरांत मोठे सामने व्हायचे. मायामीत ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लिन्सला शुगर बाउल, जॅक्सनव्हिलला गेटर बाउल. रोझ बाउलच्या जागा करारानुसार ठरलेल्या असायच्या, पण या तिघांचं बरंचसं निमंत्रणावर चाले. म्हणजे लग्नाच्या पत्रिकेसारखं. कोणाला बोलवायचं हे यजमानांची समिती ठरवणार. आणि ही तिन्ही शहरं दक्षिणेतली, जिथे गोरे आणि काळे एका मैदानावर उतरणंच अनेकांना मान्य नव्हतं.

डॉन्सना बोलावणं आलं नाही. दोघांना सोडून या म्हणजे जमेल, असा निरोप पोचला होता आणि आम्ही तो उडवून लावला, हे खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितलं. लोकांसमोर कारण वेगळंच आलं: यांचे प्रतिस्पर्धी दुबळे होते.

हे वाक्य मी तीनदा वाचलं. किती सभ्य वाक्य आहे! रंगाचा उल्लेख नाही, द्वेष नाही. निव्वळ गुणवत्तेचा निकष. अशी अट कधी कोणी लेटरहेडवर छापून देत नाही. तिला नेहमी इस्त्री केलेला शर्ट घालूनच बाहेर पाठवतात.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ, कारण मित्रांशी वाद घालताना तिन्ही ऐकून झालेत.

पहिला: "अरे पण प्रतिस्पर्धी खरंच दुबळे असतील तर?" काही होते, मान्य. यादीत लष्करी तळांच्या टीम होत्या, सॅन होजे स्टेटशी तर दोनदा खेळले. पण त्याच यादीत कॉलेज ऑफ द पॅसिफिक होतं. डॉन्सनी त्यांना ४७-१४ असं धुतलं. त्या पॅसिफिकला १ जानेवारी १९५२ ला टेक्ससमध्ये सन बाउल खेळायला मिळाला. सन बाउलची समिती वेगळी, हे कबूल. तरी गणित बघा: ज्यांना ३३ गुणांनी हरवलं ते बाउलच्या लायकीचे, आणि हरवणारे दुबळ्यांशी खेळणारे! वार्ताहरांच्या अंतिम क्रमवारीत डॉन्स देशात १४ वे होते. बरं, त्यांना कोणी ओळखत नव्हतं म्हणावं तर विद्यापीठाचा प्रसिद्धीप्रमुख होता पीट रोझेल, जो १९६० मध्ये अख्ख्या एनएफएलचा कमिशनर झाला.

दुसरा: "तो काळच तसा होता." हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. काळ काही समितीच्या मीटिंगला बसत नाही. १९४८ साली डॅलसच्या कॉटन बाउलमध्ये, म्हणजे टेक्ससमध्येच, पेन स्टेटचे कृष्णवर्णीय खेळाडू गोऱ्या टीमविरुद्ध खेळले होते. सामना १३-१३ बरोबरीत सुटला आणि आभाळ कोसळलं नाही. म्हणजे तीन-चार वर्षं आधीच हे करून दाखवलेलं होतं. मायामी, न्यू ऑर्लिन्स आणि जॅक्सनव्हिलच्या समित्यांना दुसरा रस्ता माहीत होता. त्यांनी तो घेतला नाही. त्याला काळ म्हणत नाहीत, निर्णय म्हणतात.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. त्या मोसमानंतर विद्यापीठाने फुटबॉलच बंद केला. (नंतर लहान पातळीवर काही वर्षं पुन्हा चालू केला, पण ते दिवस परत आले नाहीत.) यावर लोक म्हणतात, "ते पैशामुळे झालं, वर्णभेदाचा काय संबंध?" खरंय, पैशामुळेच झालं. फुटबॉल हा महाग खेळ. तीस-चाळीस पोरांची शिष्यवृत्ती, साहित्य, प्रवास. त्यातून १९४६ पासून शहरात फोर्टीनाइनर्स ही व्यावसायिक टीम आली, तीही त्याच केझार स्टेडियममध्ये खेळायची. माणूस एकाच शनिवार-रविवारी किती तिकिटं काढणार? आसपासच्या कॅथलिक कॉलेजांचंही तेच झालं. सेंट मेरीजने १९५० च्या मोसमानंतर गाशा गुंडाळला, लॉस एंजेलिसच्या लोयोलाने १९५१ नंतर, सांता क्लाराने १९५२ नंतर. बास्केटबॉल परवडायचा, त्याला पाचच जण लागतात. याच विद्यापीठाने बिल रसेलच्या जोरावर १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली.

पण या आक्षेपाने माझाच मुद्दा पक्का होतो. तिजोरीत खडखडाट असताना बाउलचं मानधन म्हणजे मोठा आधार. कदाचित त्यानेही टीम वाचली नसती. पण नकार दिला तेव्हा या पोरांनी एक ट्रिप सोडली नव्हती. आपल्या टीमचा शेवटचा आधार सोडला होता. श्रीमंताने तत्त्वासाठी बोलावणं नाकारणं वेगळं आणि घरभाडं थकलेल्याने नाकारणं वेगळं. ही किंमत स्लाईडवर नव्हती.

दुसरी एक गोष्ट मला फार लागली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ऑली मॅटसनने ४०० मीटरमध्ये कांस्य आणि रिलेमध्ये रौप्य पदक मिळवलं. त्याच हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं. खाशाबांची गोष्टही आपण अशीच सांगतो. प्रवासाला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ऐकून डोळ्यांत पाणी येतं. यायलाच हवं. पण स्वतंत्र देशाच्या ऑलिंपिकवीरासाठी एका मास्तरला घर गहाण का ठेवावं लागलं, हा प्रश्न त्या पाण्यात वाहून जातो. खाशाबा १९८४ साली गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यागाच्या गोष्टींचा हाच घोटाळा आहे. त्याग करणाऱ्याला हार घातला की त्याग करायला लावणारा मागच्या दाराने निघून जातो.

हे सगळं मी इतक्या तावातावाने लिहितोय त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी मी एका इंटरव्ह्यू पॅनेलवर होतो. तालुक्याच्या कॉलेजातून आलेला एक मुलगा. बोर्डावर कोड लिहिला, पहिल्या फटक्यात बरोबर, वर माझी एक चूकही दाखवली. इंग्रजी बोलताना मात्र अडखळत होता. तो बाहेर गेल्यावर पॅनेलमधले सीनियर म्हणाले, "कम्युनिकेशन वीक आहे." जागा बॅकएंडची होती, क्लायंटशी बोलायचा संबंधच नव्हता. हे मला माहीत होतं. मी फॉर्मवर तेच लिहिलं आणि सही केली. त्यात द्वेष नव्हता हो. निव्वळ निकष!

म्हणजे त्या ट्रेनिंगमध्ये टाळ्या वाजवताना मी स्वतःला डॉन्सच्या बाकावर बसलेला समजत होतो. खरा बसलो होतो समितीत. आणि मला वाटतं, त्या खोलीतले आम्ही बहुतेक जण तिथेच होतो.

पुढे काय झालं ते सांगून थांबतो. १९५२ च्या उन्हाळ्यात एका प्रदर्शनीय सामन्यात टोलरचा गुडघा गेला आणि खेळणं संपलं. तो शिक्षक झाला, मग सॅन फ्रान्सिस्कोत शाळेचा मुख्याध्यापक. १९६५ साली तो एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय पंच झाला आणि १९८० साली सुपर बाउलमध्येही पंच म्हणून उभा राहिला. ज्याला मैदानावर येऊ देत नव्हते, तो मैदानावर नियम सांगायला गेला. २०१७ मध्ये विद्यापीठाने आपल्या एका वसतिगृहाला त्याचं नाव दिलं. त्याआधी ती इमारत जेम्स फेलन यांच्या नावाने होती. हे फेलन सिनेटर होते आणि १९२० च्या निवडणुकीत कॅलिफोर्निया गोरा ठेवा अशी त्यांची घोषणा होती. त्यांचा रोख आशियाई लोकांवर होता. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांवर, जे आज तिथे ऑनसाइट जायला टपलेले असतात :)

पाटी बदलली हे चांगलंच झालं. पण मला त्यात आवडलं ते हे, की टोलरचं नाव लावताना आधीचं नाव काढावं लागलं. दोन्ही नावं घ्यावी लागली. गोष्ट तशीच सांगायला हवी.

पुढच्या गुरुवारी परत पॅनेल आहे. 'कम्युनिकेशन' हा रकाना अजून फॉर्मवर आहेच. या वेळी कोणी 'वीक' म्हणालं तर एवढंच विचारणार आहे, कोणत्या कामासाठी वीक? ते फॉर्मवर लिहा आणि खाली तुमचं नाव घाला. फार मोठं काही नाही. मला कोणी त्यासाठी स्लाईडवर घेणार नाही, आणि त्या मुलाला आता त्याचा उपयोगही नाही.

असो. तुम्ही कधी अशा फॉर्मवर सही केली आहे का? खरं सांगा.