निबंध माझा, थकबाकी कोणाची?

स्वतःच्या महाविद्यालयीन शिक्षणावर चिंतनपर निबंध अनेक परदेशी विद्यापीठे प्रवेशासाठी मागतात. प्रथा चांगली, पण लिहिले काय जाते? माझी जिद्द, माझे गुण, माझे स्वप्न! तेही पुष्कळदा सल्लागाराकडून वा संगणकाकडून आयते घेतलेले. आत्मपरीक्षणही उसने आणावे, याहून मोठे बौद्धिक दारिद्र्य कोणते?

अवसरी बुद्रुकच्या शेजारी, अवसरी खुर्दला, २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. आंबेगाव-जुन्नरच्या शेतकऱ्याचे मूल घराजवळच अभियंता होऊ शकते, ते कोणाच्या बळावर? तेथील प्रयोगशाळांत आणि प्राध्यापकांच्या वेतनात काडेपेटी विकत घेणाऱ्या मजुराच्या कराचाही वाटा असतो. त्या मजुराला निबंधात एक ओळ तरी मिळते काय?

महर्षी धोंडो केशव कर्वे १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. त्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली मराठीत प्रसिद्ध झाले. तोवर १८९६ साली स्थापलेला अनाथ बालिकाश्रम नावारूपाला आला होता; पुढच्याच वर्षी महिला विद्यापीठ उभे राहिले. आधी शिक्षण समाजाला परत केले, मग त्याविषयी लिहिले!

आपल्या परंपरेत ऋषिऋण जन्माबरोबरच येते. गुणपत्रिकेने ते फिटत नाही. तरुणांनी निबंध जरूर लिहावा. पण आधी मायबोलीत, आईवडिलांना वाचून दाखवता येईल असा. ‘काय मिळाले’ यासमोर ‘काय देणार’ हाही रकाना असावा. तो कोरा राहिला, तर पदवी म्हणजे केवळ थकबाकीच.