ॲमी फिलिप्स भाबडा नव्हता

१९२४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या केंट या लहानशा गावात जत्रा भरली होती. गावकऱ्यांनी आपापल्या घरच्या पणज्या-खापरपणज्यांची तैलचित्रं आणून तिथे मांडली. शंभरेक वर्षं जुनी ही चित्रं एरवी कुणाच्या दिवाणखान्यात, कुणाच्या माळ्यावर पडलेली असायची. एका ठिकाणी आल्यावर मात्र त्यांतल्या अनेकांचं गोत्र एकच दिसू लागलं. खुर्चीतून किंचित पुढे झुकलेल्या, लांब मानेच्या बायका. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून बसलेले पुरुष. मागे गडद काळोख. चित्रांवर सही नव्हती. अभ्यासकांनी या अनामिकाचं बारसं केलं, ‘केंटचा चित्रकार’. तिकडे न्यूयॉर्क राज्याच्या सीमेलगतच्या गावांत १८१० च्या दशकातली दुसरीच चित्रं सापडत होती. फिकी, मोतिया पार्श्वभूमी, अंगाने थोडी अवघडलेली, धुक्यातून वर आल्यासारखी माणसं. त्यांच्या कर्त्यालाही नाव मिळालं, ‘सीमेवरचा चित्रकार’. दोघांचा एकमेकांशी संबंध असेल, असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

संबंध लावला तो बार्बरा आणि लॉरेन्स होल्ड्रिज या जोडप्याने. बार्बरा ही कॅडमन रेकॉर्ड्स या कंपनीच्या दोन संस्थापिकांपैकी एक. १९५२ मध्ये कवी डिलन थॉमसला त्याच्याच आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आणणारी. लॉरेन्स इंजिनिअर. दोघांनी १९५८ मध्ये एक जुनं व्यक्तिचित्र विकत घेतलं आणि त्यावर त्यांना नाव मिळालं: ॲमी फिलिप्स. (नाव बायबलातलं, पुरुषाचं.) नावाचा माग काढत, चित्रांशी चित्रं ताडून बघत त्यांनी सिद्ध केलं की केंटचा चित्रकार, सीमेवरचा चित्रकार आणि हा फिलिप्स ही एकच व्यक्ती आहे. पुढे मेरी ब्लॅक या अभ्यासिकेच्या साथीने १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या लोककला संग्रहालयात फिलिप्सचं प्रदर्शन झालं आणि एका माणसाची पन्नास वर्षांची कारकीर्द पहिल्यांदा सलग दिसली.

ही हकिगत सांगताना अमेरिकी कलाजगताचा सूर बहुधा ‘कशी गंमत झाली’ असा असतो. पण यात गंमत कमी आणि पूर्वग्रह जास्त आहे. पिकासोची निळी चित्रं आणि घनवादी चित्रं एकाच माणसाची आहेत, हे आपण सहज पचवतो. कारण शिकलेला चित्रकार बदलतो, हे गृहीतच असतं. स्वयंशिक्षित माणसाच्या वाट्याला ही मुभा येत नाही. त्याने एकदा सापडलेली वाट आंधळेपणाने तुडवत राहावं, भाबडं, निरागस, अनघड राहावं, अशी अपेक्षा. हात बदलला की तो माणूसच दुसरा. फिलिप्सच्या बाबतीत नेमकं हेच झालं, आणि त्याच्या मोठेपणाबद्दल बोलायचं तर आधी हे भाबडेपणाचं लेबल काढून ठेवावं लागेल.

फिलिप्स १७८८ मध्ये कनेक्टिकटमधल्या कोलब्रुकला जन्मला. चित्रशाळेचं तोंड त्याने पाहिलं नाही. विशीच्या आसपास त्याने पश्चिम मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफिल्डच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तिच्यात हुबेहूब चेहरा, नीट छाया आणि चालू फॅशनचे कपडे या सगळ्याची हमी होती. कपड्यांची हमी! या तरुणाला गिऱ्हाइकाची नाडी पहिल्याच दिवसापासून सापडली होती. छायाचित्रं नसलेल्या त्या काळात गावचा डॉक्टर, वकील, बऱ्यापैकी जमीन असलेला शेतकरी, सराईचा मालक या सगळ्यांना भिंतीवर आपला चेहरा हवा असे, आणि तो अंगावरच्या रेशमासकट हवा असे. फिलिप्स एकेका भागात मुक्काम ठोके. एका घरचं काम झालं की त्या घरच्या सोयऱ्यांचं, मग सोयऱ्यांच्या शेजाऱ्यांचं. भागातली कामं आटली की बाडबिस्तरा उचलून पुढच्या भागात. ट्रॉय, ऱ्हाइनबेक, अमेनिया असे त्याच्या कुटुंबाचे मुक्काम बदलत राहिले. पण कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्क ही तीन राज्यं जिथे भिडतात, तो पट्टा त्याने जवळपास सोडला नाही.

त्याच मुलुखात, हडसन नदीकाठच्या किंग्स्टन गावचा जॉन व्हॅन्डरलिन नावाचा चित्रकार होता. पॅरिसमध्ये रीतसर शिकून आलेला, बड्या राजकारण्याचा आश्रय लाभलेला. त्याने न्यूयॉर्क शहरात गोल इमारत उभारून व्हर्सायच्या बागांचं अवाढव्य चित्र लोकांना दाखवलं, आणि त्यात कर्जबाजारी झाला. १८२५ मध्ये त्याने पुतण्याला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा: आयुष्य पुन्हा सुरू करता आलं, तर मी स्वस्तात, हलक्या हाताने व्यक्तिचित्रं काढीन, कसून केलेल्या कामाची पारख बहुतेकांना नसतेच, फिलिप्ससारखं गावोगाव हिंडण्यात वेळ मजेत जात असणार. या पत्रात तुच्छता आहे, हेवाही आहे. व्हॅन्डरलिन १८५२ मध्ये किंग्स्टनलाच कंगाल अवस्थेत मेला. फिलिप्सकडे तेव्हाही कामं येत होती. मात्र ‘वेळ मजेत’ हे व्हॅन्डरलिनचं दुरून बघणं झालं. पोरंबाळं पदरी असताना नव्या गावात नवी गिऱ्हाइकं शोधण्यात मजा किती, हे फिलिप्सलाच ठाऊक.

सपाट चित्र म्हणजे न जमलेलं चित्र, हा आणखी एक गैरसमज. विल्यम मॅथ्यू प्रायर या फिलिप्सच्या समकालीन चित्रकाराने १८३१ मध्ये मेन राज्यातल्या वर्तमानपत्रात चक्क दर जाहीर केला होता: छाया-छटा नसलेलं सपाट चित्र हवं असेल, तर पाव किमतीत मिळेल. म्हणजे प्रायरला दोन्ही येत होतं, आणि कोणतं काढायचं हे गिऱ्हाइकाचा खिसा ठरवत होता. फिलिप्सचं असं दरपत्रक नाही. पण त्याच्या सपाटपणामागेही निवड आहे, हे ओळखायला ‘लाल झग्यातली मुलगी, मांजर आणि कुत्रा’ हे १८३० ते १८३५ च्या दरम्यानचं चित्र पुरेसं आहे.

चित्र तीस इंच उंच, पंचवीस इंच रुंद. लाल झग्यातली लहान मुलगी समोर तोंड करून बसली आहे. खांदे उघडे, गळ्यात पोवळ्यांची माळ. पोवळं मुलांना आजारपणापासून राखतं, अशी त्या काळची समजूत. मांडीवर पांढरं मांजर, पायाशी तपकिरी कुत्रा. झग्याला घडी-चुणी फारशी नाहीच. तो एक मोठा लाल आकार आहे, गडद तपकिरीवर अलगद तरंगणारा. खाली पांढऱ्या तुमानीची नक्षीदार कड मात्र जीव ओतून रंगवली आहे. कुठे तपशील द्यायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, याचा हा हिशेब चित्रशाळेत जाऊनही भल्याभल्यांना जमत नाही.

आणि हा झगा त्याने एकदाच रंगवलेला नाही. लाल झगा, पोवळी, पायाशी कुत्रा, हीच मांडणी त्याच काळातल्या आणखी काही मुलांच्या चित्रांत आहे. त्यांत अँड्र्यू जॅक्सन टेन ब्रोक नावाचा मुलगाही आहे. लहान मुलग्यांना तेव्हा झगेच घालत. ठरलेला साचा हाताशी असला की काम लवकर उरकतं, बस-ऊठ करणारं पोर समोर फार वेळ बसवावं लागत नाही, आणि शेजारणीच्या मुलीसारखंच चित्र आपल्याही घरी लागल्याने आई खूश. टीकाकारांनी याला कल्पनादारिद्र्य म्हटलं तरी चालेल. पण एकच मांडणी पुन्हा पुन्हा हाताळताना त्यातलं अनावश्यक गळत जातं, आणि त्या मुलीचं चित्र इतकं नेमकं होण्याचं श्रेय या धंदेवाईक पुनरावृत्तीला द्यावंच लागेल.

१८३९ मध्ये पॅरिसमध्ये छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला आणि थोड्याच वर्षांत फिरत्या चित्रकारांच्या पोटावर पाय आला. इरॅस्टस सॅलिसबरी फील्डसारख्याने कॅमेराच हाती घेतला. फिलिप्सने ब्रश सोडला नाही, पण लोकांच्या डोळ्यांना कॅमेऱ्याची सवय लागत असल्याचं त्याने ओळखलं. त्याची उत्तरायुष्यातली चित्रं छायाचित्रासारखी होत गेली: चेहऱ्याला गोलाई, अंगाला वजन. १८६५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिजजवळ तो वारला, तेव्हा ते लाल झगे कधीच मागे पडले होते.

पुढची कहाणी संग्रहालयांची आहे. आधुनिक चित्रकारांनी १९२० च्या दशकात अशी जुनी चित्रं गोळा करायला सुरुवात केली, कारण त्यांतल्या सपाट रंगात त्यांना आपलेच पूर्वज दिसले. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने लोककलेचं मोठं प्रदर्शन भरवलं. लाल झग्यातली मुलगी १९९८ मध्ये टपाल तिकिटावर आली. ती राल्फ एस्मेरियन या जवाहिऱ्यामार्फत २००१ मध्ये लोककला संग्रहालयाकडे आली. हाच एस्मेरियन २०११ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला, आणि त्याने संग्रहालयाला कबूल केलेल्या कित्येक वस्तू लिलावात निघाल्या. मुलगी मात्र राहिली.

त्याच संग्रहालयाने २००८ मध्ये फिलिप्स आणि विसाव्या शतकातला अमूर्त चित्रकार मार्क रोथको यांची चित्रं एकत्र मांडली. गुलाबी, हिरवा, लाल, असा रंगांचा धागा. कल्पना देखणी होती, यात वाद नाही. काळोखावर तरंगणारा लाल रंग दोघांकडेही आहे. पण रोथकोशी जुळतो तेवढाच फिलिप्स भिंतीवर लावायचा, तर आपण पुन्हा त्याचे तुकडेच करतो. फिकट धुक्यातली सुरुवातीची माणसं आणि १८५० च्या दशकातले काळ्या कोटातले कंटाळवाणे गृहस्थ यांच्यासमोर गर्दी होणार नाही, हे खरं. तरीही त्याच्या पुढच्या मोठ्या प्रदर्शनात हे गृहस्थ लाल झग्याच्या शेजारच्याच खिळ्यावर हवेत, एकाच नावाच्या पाटीखाली.