सीमेवरच्या वन बीएचकेची पारख

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तलासरी मागे टाकून जेथे महाराष्ट्राची हद्द सोडतो, त्या टोकावर अच्छाड वसलेले आहे. आणि मालमोटारींच्या रांगा, ढाबे व टायरवाल्यांची दुकाने यांपलीकडे त्याची ओळख भरधाव जाणाऱ्या प्रवाशास सहसा नसते. परंतु येथील कारखान्यांत व हद्दीपलीकडच्या सरीगाम, उंबरगाव आणि वापी येथील औद्योगिक वसाहतींत पाळीने काम करणारा, गावाकडचे घर भावाच्या हवाली करून आलेला आणि दर अकरा महिन्यांनी भाडेकराराच्या नव्या कागदावर सही करणारा एक मोठा वर्ग या पट्ट्यात राहतो, व आयुष्यात एकदा तरी ‘आपले’ म्हणता येईल असे एका शयनगृहाचे घर घ्यावे, ही त्याची आकांक्षा सर्वथा न्याय्य आहे. प्रश्न इतकाच, की ज्या घराला जाहिरातीत ‘परवडणारे’ असे विशेषण लावलेले असते त्याचे खरे मोल कोणत्या मापाने मोजावे. आणि माझे प्रतिपादन असे आहे की ते माप त्या घराचे आजचे भाडे हे असावे, उद्याच्या प्रकल्पांची वदंता हे नव्हे.

वदंतांना येथे तोटा नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण येथे ७६,२०० कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मुंबई–अहमदाबाद वेगवान रेल्वेचे खांब डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांतून उभे राहत आहेत. दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्ग तलासरीच्या शिवारातून जातो. ही तिन्ही कामे खरी आहेत, त्यांत खोटे काही नाही. खोटे आहे ते त्यांच्या बळावर आजच वाढवून सांगितलेल्या भावाचे गणित. वेगवान रेल्वेची या भागातली स्थानके बोईसरला व वापीला आहेत, मधल्या गावांच्या वाट्याला गाडीचा आवाज तेवढा येणार. द्रुतगती मार्गावर वाटेल तेथे चढता-उतरता येत नाही. आणि बंदर उभे राहण्यास जी वर्षे लागतील त्या सर्व वर्षांचे व्याज मात्र घर घेणाऱ्याने महिन्याच्या महिन्याला भरावयाचे असते.

भाडेकरू हा या बाबतीत सर्वांत निःस्पृह परीक्षक होय. तो बंदराचे पैसे देत नाही, गाडीचे देत नाही. आज नळाला पाणी किती वेळ येते, रात्रपाळी संपवून परतताना रिक्षा मिळते का, मुलांची शाळा किती दूर आहे, एवढेच पाहून तो भाडे ठरवतो. समजा, एका वन बीएचकेची किंमत २५ लाख सांगितली, त्यांपैकी ५ लाख घरचे घातले आणि २० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता सुमारे १७,३५० रुपये पडतो व मुदतीअखेर बँकेस एकंदर साडेएकेचाळीस लाखांहून अधिक रक्कम पोहोचते. त्याच इमारतीत तसलीच जागा जर ६,००० रुपये भाड्याने मिळत असेल, तर सोसायटीच्या देखभालीचे दरमहा दीड हजार वजा जाता मालकाच्या हाती वर्षाला ५४,००० राहतात, म्हणजे पंचवीस लाखांवर दोन टक्क्यांच्या किंचित वर. टपाल कार्यालयातील मुदत ठेवसुद्धा याहून अधिक देते.

यावर असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे, की घर म्हणजे केवळ व्याजाचा हिशोब नव्हे. मालकाच्या मर्जीवर बिऱ्हाड हलवावे लागण्यातली अवहेलना, दर वेळी बदलणारा पत्ता, मुलाचा शाळेतला दाखला आणि शिधापत्रिका यांची ओढाताण, हे सारे ज्याने भोगले आहे त्याला स्थैर्याचीही किंमत कळते. ती किंमत अवश्य मोजावी. म्हणून हप्ता भाड्याइतकाच असला पाहिजे असा हट्ट मी धरणार नाही. भाड्याच्या दुपटीपर्यंत गेलेला हप्ता स्थैर्याचे मोल म्हणून समजून घेता येतो. पण वरील उदाहरणात तो जवळजवळ तिपटीवर गेला आहे, आणि त्या तिसऱ्या पटीत स्थैर्य नाही, वदंता आहे. अशा वेळी भाड्याने राहणे हा कमीपणा नव्हे, तो व्यवहार आहे.

भाव ठरवण्याच्याही आधीची एक गोष्ट या तालुक्यांत आहे, जी पुण्याच्या किंवा ठाण्याच्या ग्राहकाला सहसा सुचत नाही. तलासरी व डहाणू हे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६-अ अन्वये आदिवासी खातेदाराची जमीन विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण वा भाडेपट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने बिगर-आदिवासीकडे जावयाची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा वा गहाण वगळता इतर सर्व हस्तांतरणांस त्याखेरीज शासनाचीही मंजुरी. हा निर्बंध कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेला नाही. १९४५ साली गोदावरी परुळेकरांनी ज्या वारली शेतकऱ्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे केले, त्यांच्या जमिनी सावकारांकडे कशा गेल्या होत्या याचा इतिहास या मातीत ताजा आहे, आणि कायद्याचे हे कुंपण त्या इतिहासाचेच फलित आहे. तरीही मुखत्यारपत्राच्या आडोशाने, साध्या स्टॅम्पपेपरवरच्या करारनाम्याने किंवा नव्व्याण्णव वर्षांच्या तथाकथित भाडेपट्ट्याने जमिनी हस्तगत करून त्यांवर इमले चढवण्याचे उद्योग चालतात. अशा जमिनीवरच्या सदनिकेची किंमत किती, असे मला कोणी विचारले तर मी शून्य सांगेन. तिच्यातल्या फरशा कितीही चकचकीत असोत.

ज्यांना हा शब्द कठोर वाटेल त्यांनी पालघर जिल्ह्याच्याच दक्षिण टोकाकडे पाहावे. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत कचराभूमी व सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडण्याची कारवाई २०२४च्या अखेरीस सुरू होऊन २०२५च्या आरंभी पुरी झाली, आणि त्यांत राहणारी कुटुंबे, ज्यांपैकी पुष्कळांनी आयुष्याची शिल्लक मोजून ती घरे घेतली होती, सामानासह रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारच्या रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ माणसे गेली. दोन्ही ठिकाणी घरे स्वस्त होती, आणि स्वस्तपणाचे कारण कागदात होते.

कागदांची भाषा रूक्ष खरी, पण ती थोडी शिकून घेणे आवश्यक आहे. सात-बाराचा उतारा जमिनीचा मालक व तिच्यावरचा बोजा दाखवतो; फेरफार नोंदी ती कोणाकडून कोणाकडे व कशी आली हे सांगतात; बिगरशेतीचा आदेश तिच्यावर घर बांधता येते का हे ठरवतो; प्रारंभ प्रमाणपत्र व भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे इमारतीचा जन्म व तिच्यात राहण्याची परवानगी. २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने, जो महाराष्ट्रात १ मे २०१७पासून महारेरा या नियामक प्राधिकरणाच्या रूपाने अमलात आला, ग्राहकास दोन मोठी आयुधे दिली आहेत: नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय विकासकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावयाचा आहे. क्षेत्रफळही आता चटई क्षेत्राने, म्हणजे घराच्या आतल्या वापरावयाच्या जागेने सांगावे लागते. सज्जा, बाहेरच्या भिंती व जिना त्यात मोजता येत नाहीत. तरीही विक्रेत्याच्या तोंडी ‘साडेपाचशे फूट’ असते आणि करारनाम्यात जेमतेम साडेतीनशे निघतात. फूटपट्टी स्वतः लावावी.

आणखी एक हक्क असा, की ज्याचा विचार एका शयनगृहाचे घर घेणारा क्वचितच करतो. सदनिका म्हणजे हवेतली चार भिंतींची पोकळी. इमारत पन्नास वर्षांनी जीर्ण होईल तेव्हा उरणार ती जमीन, आणि म्हणून त्या जमिनीत आपला वाटा आहे की नाही हा मोलाचा मूळ प्रश्न आहे. महाराष्ट्रात तो मिळण्याचे दोन मार्ग आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्था झाली तर अभिहस्तांतरणाने जमीन संस्थेच्या नावे यावी लागते. आणि १९७०च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र झाले असेल तर प्रत्येक सदनिकाधारकास जमिनीत अविभक्त हिस्सा मिळतो, जो त्याच्या खरेदीखतात टक्क्यांनी लिहिलेला असतो. जुन्या कित्येक संस्थांकडे इमारत आहे व जमीन अद्याप विकासकाच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर. अशांसाठी मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे विकासकाच्या सहीवाचून जमीन संस्थेच्या नावे करून घेण्याची, तरतूद झाली, तरी जिल्हा उपनिबंधकांच्या कचेरीत खेटे घालण्याचे त्राण सर्वांजवळ नसते. पुनर्विक्रीत घर घेताना मी तर फरशीच्या रंगाआधी हाच प्रश्न विचारीन.

आता प्रत्यक्ष घराकडे वळावे, आणि तेही जुलैत. या किनारपट्टीवर पाऊस धो धो बरसतो. नैर्ऋत्येकडे तोंड असलेली भिंत आतून हाताने चाचपडली की ओल कळते, व जी भिंत डिसेंबरात रंगवून दाखवली जाते ती जुलैत खरे बोलते. स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोंडाशी पांढरा थर चढला असेल तर कूपनलिकेचे पाणी जड आहे असे समजावे आणि मे महिन्यात टँकर किती येतात, याची विचारणा शेजाऱ्यांकडे करावी, विक्रेत्याकडे नव्हे.

भूकंपाचा विषय तर टाळताच येणार नाही. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडीच्या परिसरात हादऱ्यांची जी मालिका सुरू झाली, तिच्यातला १ फेब्रुवारी २०१९ रोजीचा धक्का ४.१ रिश्टरचा होता. आकडा मोठा नसला तरी हादरे जमिनीखाली फार खोलवर नसल्याने भिंतींना तडे गेले व थंडीत माणसे तंबूंत निजली. अशा प्रदेशात बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा खांब ओतण्यापूर्वी पाहण्याची संधी मिळाल्यास उभ्या सळ्यांभोवतीच्या आडव्या रिंगांची टोके पाहावीत: ती नुसती काटकोनात दुमडलेली नसून आतल्या काँक्रीटमध्ये शिरतील अशी १३५ अंशांत वळवलेली असली पाहिजेत, असे भूकंपरोधक बांधकामाचे १३९२० क्रमांकाचे भारतीय मानक सांगते. कारागिराला टोक तसे वळवायला थोडा अधिक वेळ लागतो, आणि नेमका तोच वाचवला जातो. तळमजला वाहनतळासाठी सगळा मोकळा ठेवून वर मजले रचले असतील तर संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र मागावे. वाहनतळाची जागा वेगळी विकण्याचा प्रयत्न झाला तर २०१०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाचा दाखला द्यावा. स्टिल्टखालची किंवा उघडी जागा विकासकास स्वतंत्रपणे विकता येत नाही.

वेळेचा हिशोब उरला. एप्रिल २०१३मध्ये उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत आली, आणि ‘मुंबईत नोकरी, डहाणूत घर’ असे स्वप्न विकले जाऊ लागले. पण डहाणूहून चर्चगेट सव्वाशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि जाण्यायेण्यात रोज पाच-सहा तास घालवणारा माणूस त्या घरात केवळ झोपतो. अच्छाडकराची गत निराळी: त्याची रेल्वे गुजरातेतल्या भिलाडला किंवा संजाणला, त्याचा कारखाना पलीकडच्या राज्यात, आणि घर घेतले तर कोणत्या बाजूचे, हा प्रश्न मुद्रांक शुल्कापुरता नसून मुलांच्या शाळेच्या माध्यमाचा आणि जातीच्या दाखल्याच्या सोयीचाही असतो. १९६० साली उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला तेव्हा जी रेषा ओढली गेली, ती अजून त्याच्या संसारातून जाते. माझा कौल विचाराल तर ज्याची रोजी वापीला आहे व मुले मराठी शाळेत आहेत, त्याने घर तलासरीच्या बाजूला, परंतु आधी भाड्याने घ्यावे, आणि एक पावसाळा व एक उन्हाळा काढून मगच विकत घेण्याचा विचार करावा.

तोवर निदान एवढे करावे: इसाराची रक्कम हातातून सोडण्यापूर्वी, मग ती अकरा हजारांची असली तरी, सर्व्हे क्रमांक मागून घ्यावा, फेरफारांत आदिवासी खातेदाराचे नाव कोठे आहे का हे पाहावे, आणि असल्यास मंजुरीचा आदेश दाखवल्याशिवाय पुढचे बोलणे करू नये. डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो, आणि महारेराची नोंद पाहण्यास एक पैसाही पडत नाही.