अंगठा गेला, वकील लावू का?

भोसरीत पॉवर प्रेसवर कुणाचं बोट गेलं की पोरं मला, युनियनवाल्याला, विचारतात, "काका, वकील लावू का?" माझा पहिला प्रश्न ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) नंबरचा. नंबर असेल तर कायमच्या अपंगत्वाची रक्कम तिथूनच मिळते, मालकावर वेगळा भरपाईचा दावा चालत नाही. मग वकिलाला पैसे कशाला? मेडिकल बोर्डाने अपंगत्वाचे टक्के कमी लावले तर बघू.

नंबरच नाही आणि ठेकेदार "हा आमचा माणूसच नाही" म्हणतोय? मग लगेच वकील गाठा. अख्खा अंगठा गेला तर भरपाईच्या कायद्याचा तक्ता कमाईची क्षमता 30 टक्के घटली असं धरतो. ठेकेदार मात्र हातावर थोड्या नोटा टेकवून कोऱ्या कागदावर सही मागतो (उरलेल्या हाताची!). आणि वकील भरपाईत टक्केवारी मागत असेल तर दुसरा बघा, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही.