दायमाबादचा रथ वाचला, गावोगावच्या मूर्तींचे काय?

1974 साली, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा सापडले. एकूण वजन 60 किलोंहून अधिक! मोडीत घातले असते तरी चार पैसे सुटले असते. तो ठेवा संग्रहालयांत पोहोचला, हे राष्ट्राचे भाग्य. पाथूरच्या नटराजाला ते लाभले नाही. 1976 मध्ये तामिळनाडूतील एका शेतमजुराला सापडलेली ती मूर्ती हातोहात लंडनला गेली. परतायला 1991 उजाडले.

1972 च्या पुरावशेष कायद्यात चोरट्या निर्यातीला शिक्षा किती? सहा महिने ते तीन वर्षे! शिवाय मूर्ती आपलीच, हे परदेशात सिद्ध करायला छायाचित्र लागते. ऑस्ट्रेलियाने 2014 मध्ये श्रीपुरंथनचा नटराज परत केला, त्यामागे पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेतील जुनी छायाचित्रे होती. आमच्या देवांना साक्षीदार फ्रेंच!

अकोल्यापासून श्रीगोंद्यापर्यंत पारांवर, बांधांवर उघड्या पडलेल्या मूर्ती आणि वीरगळ यांची सचित्र नोंद किती ग्रामपंचायतींच्या दप्तरी आहे? ती नसेल, तर चोरीनंतरच्या पंचनाम्यात एवढेच उरेल : ‘दगडी मूर्ती, नग एक.’